वजन अडलंय, आता आणखी काय बंद करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४३, उंची १५८ सेंटिमीटर, ऑफिसात बसून काम, घरात चार माणसं. जानेवारीत वजन ८४ होतं, मेच्या मध्यापर्यंत ७६ वर आलं, आणि तेव्हापासून जुलै अर्धा सरला तरी काटा ७५.५ आणि ७७ च्या मध्येच घुटमळतोय. भात केव्हाच सोडलाय, चहातली साखर बंद आहे, इंटरनेटवरून घेतलेला १,२०० कॅलरींचा तक्ता पाळताय, सकाळी चार किलोमीटर चालताय. थायरॉइडची गोळी सुरू आहे. अंडी चालतात, मासे-मटण नाही. आणि विचारलंय ते असं: "आता रात्रीचं जेवण बंद करू की पोळी-भाकरी?"

दोन्ही नको, ताई. कारण सांगते, पण जरा सविस्तर सांगावं लागेल.

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते. पहिल्यांदाच वजन कमी करायला येणाऱ्यांपेक्षा सात-आठ किलो उतरवून मध्येच अडकलेली माणसंच माझ्याकडे जास्त येतात, आणि बहुतेकांचा प्रश्न तुमच्यासारखाच असतो: आता काय सोडू? सोडण्याने सुरुवातीला फळ मिळालं, तेव्हा तेच आणखी करावंसं वाटणं साहजिक आहे. पण तुमची खरी अडचण अशी आहे की जानेवारीत खाणं आणि खर्च यांच्यात जी तफावत होती, ती आता उरलेली नाही. ती कुठे गेली हे न शोधता आणखी एक पदार्थ बंद केलात, तर आठ-दहा दिवस काटा हलेल आणि मग पुन्हा तिथेच थांबेल. तोवर तुम्ही मात्र आणखी दमलेल्या असाल.

आधी एक खात्री करून घेऊ, खरंच अडलंय का. तुमच्या बाबतीत दोन महिने झालेत, म्हणजे हो. पण दहा-बारा दिवस काटा हलला नाही म्हणून हातपाय गाळणाऱ्यांसाठी सांगते: काट्यावर चरबीपेक्षा पाण्याची ये-जा जास्त दिसते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. भात आणि साखर एकदम कमी केली की हा साठा उतरतो आणि त्याच्याबरोबर ते पाणीही जातं. जानेवारीतला पहिला पंधरवडा तुम्हाला फार जोरदार वाटला असेल, त्यात चरबी थोडी आणि पाणी बरंच होतं. उलट पाळी यायच्या आधीचा आठवडा, लग्नातलं खारट-तेलकट जेवण, नव्या व्यायामाने दुखणारे पाय, यातल्या कशानेही किलो-दीड किलो पाणी वाढून बसतं, आणि त्या आड खरंच गेलेली चरबी दिसत नाही. म्हणून आठवड्यातून तीन-चार सकाळी, पोट साफ झाल्यावर, काहीही न खाता-पिता वजन करा आणि आठवड्याची सरासरी लिहा. पाळी येत असेल तर या महिन्याचा दहावा दिवस मागच्या महिन्याच्या दहाव्या दिवसाशी ताडून बघा. शेजारच्या रकान्यात पोटाचा घेर: सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप, श्वास सोडून, टेप न आवळता. तुम्ही घेर लिहिलेला नाहीत. तो मार्चपासून आजवर तीन-चार सेंटिमीटरने उतरला असेल, तर मी तुमच्या प्रश्नाकडे निम्म्याच काळजीने बघेन.

आता हिशेब. शरीर नुसतं पडून असताना किती कॅलरी खर्च करतं, हे काढायला आम्ही बहुधा मिफ्लिन-सेंट जिओर हे सूत्र वापरतो. त्यात तुमचे आकडे घातले तर ८४ किलोला तो खर्च दिवसाला सुमारे १,४५० येतो. ऑफिस, घरकाम, चालणं धरून साधारण २,०००. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. तुम्ही चार महिन्यांत आठ किलो उतरवलेत, म्हणजे रोजची तूट ५०० च्या आसपास होती. याचा अर्थ तुम्ही १,५०० च्या आसपास खात होतात. खरोखर १,२०० खात असतात, तर मेपर्यंत बारा-तेरा किलो गेले असते.

हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. १,५०० खाऊन आठ किलो उतरले, ही माझ्या लेखी तक्त्यापेक्षा चांगली बातमी आहे. आणि खाण्याचा अंदाज चुकणं हा तुमचा एकटीचा दोष नाही. १९९२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. "आम्ही १,२०० च्या आत खातो, तरी वजन हलत नाही" असं सांगणाऱ्या दहा जणांचं प्रत्यक्ष खाणं त्यात शास्त्रीय पद्धतीने मोजलं गेलं. त्यांनी वहीत सरासरी हजारेक कॅलरी लिहिल्या होत्या, प्रत्यक्षात त्या दोन हजारांवर निघाल्या. त्यांचं चयापचय मात्र नेहमीसारखंच होतं. आपण ताटात घेतलेलं लिहितो, ओट्यापाशी तोंडात टाकलेलं लिहीत नाही.

आता ७६ किलोचा हिशेब करू. त्याच सूत्राने एकूण खर्च १,९०० च्या आसपास येतो. पण शरीर एवढ्यावर थांबत नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या लायबेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं की दहाएक टक्के वजन घटलेल्या माणसांचा खर्च त्यांच्या नव्या, हलक्या शरीराला जितका लागायला हवा त्याहूनही कमी होतो. ही जास्तीची घट साधारण दहा-पंधरा टक्के धरतात. तुमचं वजन साडेनऊ टक्क्यांनी घटलंय. म्हणजे आज तुमचा दिवसाचा खर्च १,६५० ते १,७०० असावा. यातला बराचसा फरक हालचालींत पडतो. माणूस नकळत कमी उठतो, जिन्याऐवजी लिफ्ट घेतो, भाजी निवडायला खाली न बसता खुर्चीत बसतो. सकाळचे चार किलोमीटर तेवढेच राहतात, पण उरलेले पंधरा तास जरा जास्त निश्चल होतात. शिवाय तेच चार किलोमीटर हलक्या शरीराला स्वस्तात पडतात.

तेव्हा जानेवारीतली ५०० ची तूट दोनशेवर आली ती खर्चाच्या बाजूने. उरलेले दोनशे खाण्याच्या बाजूने भरून निघाले की हिशेब शून्य. त्याला मोठी चैन लागत नाही. तीस ग्रॅम शेंगदाणे म्हणजे १७० कॅलरी, आणि तीस ग्रॅम ही एक बरी मूठ झाली. तुमचं वजन मेच्या मध्याला थांबलं, म्हणजे आमरसाचे दिवस, मुलांच्या सुट्या, पाहुणे, लग्नं, आणि त्याला लागूनच पाऊस. जूनमध्ये तुमचं चालणं आठवड्यातून खरंच सहा दिवस झालं का, हे स्वतःशीच एकदा तपासा. मला सांगायची गरज नाही.

खाण्याच्या बाजूला मी सगळ्यात आधी तेल बघते, कारण ते ताटात दिसत नाही. "तेल आम्ही कमीच वापरतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही, डबा मोजायला सांगते. नवा पाच लिटरचा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख लिहा. संपेल त्या दिवशी दुसरी. चार माणसांत तो डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी दिवसाला एक्केचाळीस-बेचाळीस मिलिलिटर झालं, म्हणजे साधारण ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी. बैठं काम करणाऱ्या बाईसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस साधारण वीस ग्रॅमची आहे. फरक जवळजवळ १६० कॅलरींचा, आणि त्यासाठी एकही पदार्थ सोडायचा नाही. तळणीचं उरलेलं तेल टाकून देत असाल तर तेवढं वजा करा. मग फोडणीला बाटलीतून धार धरायची नाही, चमच्याने मोजून घालायचं, आणि तोच डबा दीड महिना चालवायचा. घरातल्या कुणाच्या लक्षातही येत नाही. आलं तर वांग्याच्या भाजीत येतं, ती रविवारी नेहमीसारखी करा.

आता मुख्य मुद्दा. वजन अडलं की सगळे चयापचयाला दोष देतात, "मेटाबॉलिझम स्लो झालंय" म्हणतात. थोडं होतं, वर सांगितलंच. पण त्याहून मोठी गोष्ट भूक आहे. अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाने २०१६ मध्ये मांडलेला हिशेब असा: उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला वीस-तीस कॅलरींनी घटतो, आणि भुकेची ओढ मात्र शंभरेक कॅलरींनी वाढते. तिप्पट-चौपट फरक आहे. ऑस्ट्रेलियात पन्नास जणांना दहा आठवडे अगदी कमी खायला देऊन वजन उतरवलं गेलं, तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पोट भरल्याचं आणि भूक लागल्याचं सांगणारी त्यांची संप्रेरकं वर्षभरानंतरही पूर्वपदावर आली नव्हती. तेव्हा सहा वाजता ऑफिसातून घरी आल्यावर फरसाणाच्या डब्याकडे जाणारा तुमचा हात ही मनाची दुर्बळता नाही. आठ किलो उतरवलेल्या शरीराची ती मागणी आहे, आणि ती बराच काळ राहणार आहे. म्हणून यापुढचा मार्ग निवडताना मी एकच कसोटी लावते: याने भूक शमते की भडकते?

रात्रीचं जेवण बंद करणं या कसोटीवर सरळ नापास होतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या वहीत रात्रीचा रकाना पुष्कळदा कोरा असतो, नाहीतर "काही नाही, फक्त सूप." मग मी विचारते, ओटा आवरताना? तेव्हा एकेक निघतं. मुलाच्या डब्यात उरलेली अर्धी पोळी, कारण उष्टं टाकवत नाही. कढईच्या तळाची दोन चमचे भाजी, ती फ्रिजमध्ये ठेवण्याएवढी नसते म्हणून. दुधावरची साय. आणि अकराला सगळे झोपल्यावर, उभ्या-उभ्या, दाण्यांचा डबा. यापेक्षा साडेआठला बसून भाकरी, उसळ, कोशिंबीर खाल्ली असती तर कमी झालं असतं आणि झोपही लागली असती. ज्यांचं जेवण मुळातच संध्याकाळी सातला होतं आणि नंतर भूक लागत नाही त्यांना हे लागू नाही. तुम्ही रात्री साडेनऊला स्वयंपाकघरातून मोकळ्या होता असं लिहिलंय, म्हणून तुम्हाला लागू आहे.

पोळी-भाकरी बंद करण्याबद्दलही तेच. शिवाय एकदम जास्त तोडलं की जे उतरतं त्यात स्नायूही जातात. नुसत्या खाण्याच्या काटछाटीने उतरलेल्या वजनात साधारण पाव वाटा चरबीखेरीज इतर गोष्टींचा असतो. आपल्याकडे ही गोष्ट जास्त जपायला हवी, कारण आपल्या शरीरात मुळात स्नायू कमी आणि चरबी जास्त. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे बरीच वर्षं मांडलंय. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३, दिसायला दोघंही सडपातळ, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. काट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरं आतून किती वेगळी असतात ते यातून दिसतं. म्हणून मी पेशंटला विचारते की वजन उतरलं ते कशाचं. भराभर काटछाट केली तर केस गळतात, पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, आणि पुन्हा खाऊ लागलात की चरबी आधी परत येते.

इथवरचं एकदा गोळा करते. तुमचा खर्च तीनशे-साडेतीनशेने घटलाय, खाणं नकळत दोनशेने वाढलंय, भूक जानेवारीपेक्षा जास्त आहे. म्हणजे भूक न भडकवता अडीचशे कॅलरींची नवी तफावत हवी. २५० गुणिले ३० म्हणजे ७,५००, महिन्याला जेमतेम एक किलो. हा वेग तुम्हाला किरकोळ वाटेल. मला तुमच्या वयात तोच योग्य वाटतो.

पण ते लगेच सुरू करू नका. पहिले तीन आठवडे वजन उतरवायचंच नाही, ७६ वर टिकवायचं. ऑस्ट्रेलियातल्याच एका अभ्यासात दोन आठवडे कमी खाणं, दोन आठवडे वजन टिकेल एवढं खाणं असं आलटून-पालटून करणाऱ्या पुरुषांचं वजन सलग डाएट करणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं होतं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तसा फायदा दिसलेला नाही, त्यामुळे मी विश्रांतीला जादू म्हणत नाही. माझं कारण साधं आहे: सहा महिने स्वतःला आवरून थकलेल्या माणसाकडून नवी सवय लागत नाही. या तीन आठवड्यांत दुपारी एक लहान वाटी भात परत आणा, घट्ट वरण किंवा आमटीबरोबर. पहिल्या आठवड्यात काटा अर्धा-एक किलो वर जाईल. तो ग्लायकोजेन आणि पाण्याचा, घाबरू नका.

भाताबरोबर प्रथिनं वाढवायची, आणि हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानते, कारण तेवढ्याच कॅलरींत प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि स्नायू टिकतात. तुम्हाला दिवसाला साठेक ग्रॅम हवीत. तुमच्या आत्ताच्या जेवणात ती चाळिशीच्या आत असणार, कारण आपलं वरण पातळ असतं आणि आपण ते "डाळ खाल्ली" म्हणून मोजतो. सकाळी दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅम. दुपारी मटकीची किंवा मुगाची घट्ट उसळ वाटीभर, सात-आठ, आणि वाटीभर दही, चार-पाच. दिवसभरातल्या तीन-चार पोळ्या-भाकऱ्यांतून दहाएक. संध्याकाळी फुटाणे तीस ग्रॅम, सहा-सात. रात्री ७५ ग्रॅम पनीर, तेरा-चौदा, किंवा तीस ग्रॅम सोया चंक्स, पंधरा. चहातलं दूध धरून साठ होतात. पावडरीचा डबा लागत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवायचा नाही.

त्यातले संध्याकाळचे फुटाणे फार मोलाचे. ते ऑफिसातून निघताना खायचे, गाडीत चढायच्या आधी. घरी पोचल्यावर खायचे ठरवलेत तर फुटाणेही होतात आणि फरसाणही.

व्यायामात मी चालणं वाढवायला सांगणार नाही. आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर पडेल असं काहीतरी करा, वीस-पंचवीस मिनिटं. खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं, दहा-दहाचे तीन फेर. भिंतीला हात टेकून दंड. लिटर-लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन खांद्याचे व्यायाम, सोपं वाटू लागलं की पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून उठ-बस. गुडघे दुखत असतील तर उंच खुर्ची घ्या. हे पुढचे दोन महिने काट्यावर दिसणार नाही, टेपवर दिसेल. बाकी दिवसभर तासाला एकदा उठणं, आणि दोन्ही जेवणांनंतर दहा मिनिटं फिरणं, पावसात इमारतीच्या पॅसेजमध्ये. त्यातच ते हरवलेले शंभर-दीडशे परत मिळतात.

झोपेबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, पण साडेपाचला चालायला जाता आणि रात्री साडेबारापर्यंत फोन बघता, हे दोन्ही एका ओळीत लिहिलंय. शिकागोत २०१० मध्ये दहा जणांवर केलेला एक छोटा पण नेमका अभ्यास आहे. तेच कमी खाणं, एकदा साडेआठ तास झोपेची मुभा, एकदा साडेपाच. दोन्ही वेळा वजन सारखंच उतरलं, तीन किलोच्या आसपास. पण पुरेशा झोपेत त्यातले १.४ किलो चरबीचे होते, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६, आणि भूकही जास्त लागत होती. झोप आणि चालणं यात एकच जमत असेल तर आठवड्यातून दोन दिवस चालणं सोडा आणि झोपा. हे ऐकून घरचे हसतील, हसू द्या.

श्रावण येतोय, तर एक सूचना. उपवासाने वजन उतरेल म्हणून सोमवार-शनिवार दोन्ही धरू नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचं कूट आणि तूप, प्रथिनं नावाला. श्रद्धेने उपवास करत असाल तर जरूर करा, भगर, दही, ताक, राजगिरा यांवर करा, आणि संध्याकाळी सोडताना नेहमीचं साधं जेवण जेवा.

आता जे मला इथून कळू शकत नाही ते. थायरॉइडची गोळी घेताय, पण शेवटची टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, कधीची? मागच्या सहा महिन्यांतली नसेल तर करून घ्या. गोळी पहाटे रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर, मग अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर. अनेक जणी सगळ्या गोळ्या एकत्र चहाबरोबर घेतात आणि डोस वाढत राहतो. टीएसएच ठीक असेल तर मात्र थायरॉइडला दोष देता येणार नाही. उपचार न झालेल्या थायरॉइडनेही साधारणपणे दोन-चार किलोच वाढतात, तेही मुख्यतः पाणी आणि मीठ. पाळी अनियमित झाली असेल, पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने होणारा अंडाशयाचा त्रास) असेल, स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या, नैराश्याच्या किंवा फिटच्या काही गोळ्या सुरू असतील तर वरचा हिशेब बदलतो. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, पर्यायाबद्दल डॉक्टरांना विचारा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खाणं कमी करण्याआधीही विचारावं, साखर एकदम खाली जाऊ शकते. पायांवर सूज, धाप, चक्कर, पाळी बंद होणं, केस मूठ-मूठ गळणं, यातलं काही असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. आणि खाण्यावरून स्वतःचा तिरस्कार वाटणं, चोरून खाणं, खाल्लेलं ओकून काढणं असं पूर्वी कधी झालं असेल, तर मोजमापाची वही तुमच्यासाठी नाही. त्याचा मार्ग वेगळा असतो.

तुमचं लक्ष्य ६० किलो आहे, लग्नात होतं तेवढं. मी तूर्त ७२ धरेन, आणि वर्षअखेरीपर्यंत. तुम्ही आधीच जे मिळवलंय ते काही कमी नाही. अमेरिकेतल्या ज्या मोठ्या अभ्यासात मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, २००२ सालचा, त्यात लक्ष्य सात टक्के वजन उतरवण्याचं होतं. तुम्ही साडेनऊ उतरवलेत. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात तर आहार आणि व्यायाम सुधारणाऱ्या लोकांचं वजन फारसं हललंच नाही, तरीही मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला.

राहिलं मैत्रिणीने सुचवलेलं वजन उतरवायचं इंजेक्शन. तुमचा बीएमआय आजही तिशीच्या जरा वर आहे, त्यामुळे डॉक्टरांशी त्याबद्दल बोलण्यात गैर काही नाही, आणि ते घेणं म्हणजे लबाडीही नाही. ते मुख्यतः भुकेवरच काम करतं, ज्याबद्दल मी वर एवढं लिहिलं. पण अशा इंजेक्शनांतल्या सेमाग्लुटाइड या औषधावरही साधारण वर्ष-सव्वा वर्षाने वजन थांबतंच, आणि बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन-तृतीयांश परत आल्याचं त्याच्याच चाचणीत दिसलंय. तेव्हा प्रथिनं, स्नायू आणि झोप त्यातही लागतीलच. मी तुमच्या जागी असते तर आधी तीन महिने वरचं करून पाहिलं असतं.

टीएसएच, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) या रक्ततपासण्या करून घ्या, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला घेर, आठवड्यांच्या सरासऱ्या आणि तेलाच्या डब्यावरच्या दोन तारखा घेऊन लिहा. तोवर रात्री जेवा.